डोमाभाऊंचं मनगट

मनगटाच्या दुखण्याचा विषय निघाला म्हणून सांगतो. आमच्या कामठ्याच्या भजनी मंडळात ढोलक डोमाभाऊ वाजवतात आणि पेटी मी. मागच्या वर्षी त्यांचं मनगट इतकं सुजलं, की चहाचा कप धरता येईना. ढोलक सुटते की काय, या भीतीनं ते कुणाशी बोलेनासे झाले. शेवटी मी त्यांना गाडीवर बसवून गोंदियाला फिजिओथेरपीच्या मॅडमकडे नेलं.

टेबलावर वाजवून दाखवा, असं मॅडमनी सांगितलं. भाऊंनी थाप मारली, तसा टेबलावरचा मॅडमचा पेन खाली पडला.

"इतना जोर से काहे को?"

"पेटीचा माईक मोठा राहते. माझं मलेच आयकू येत नाही."

"पेटी कौन बजाता है?"

मी हात वर केला.

"फिर आधा इलाज आपको करना है," मॅडम म्हणाल्या.

भाऊंनी महिनाभर हाताला आराम दिला, मी पेटीच्या माईकचा आवाज कमी केला. आता ते हलक्या हातानं वाजवतात, सूज नाही.

एकदा मी विचारलं, "भाऊ, मले आधी काऊन नाही सांगितलं?"

"दोनदा सांगतलो," ते म्हणाले. "भजन चालू होतं. तुले आयकू नाही आलं."