अकराव्या प्रश्नावरची रेघ

नाही नाही काका, पेन तुमचंच आहे, विसरलो नाही, देतो — दोनच मिनिटं. लिहायचं तसं काही नाही हो, व्हिसाच्या तपासणीचा फॉर्म भरून झालाय, बायकोनं भरलाय. तिचं अक्षर चांगलं, म्हणून घरातले सगळे कागद तीच भरते, मी आपला ती बोट ठेवील तिथे सही करतो. आत गेलीय ती, एक्स-रेला. रक्त देऊन झालं, ती छोटी बाटली भरून झाली — तीसुद्धा कशी, बाहेर एक बाई दार वाजवतेय, "झालं का, झालं का" — अहो, असं विचारल्यावर होणारं होत नाही! कितवा नंबर चालू आहे? चौतीस. माझा एकेचाळीस. म्हणजे आहे वेळ. आहे ना?

हा बघा, अकरावा प्रश्न. 'आपण पूर्वी कधी मानसिक आजारासाठी उपचार घेतले आहेत का?' आणि खूण कुठे आहे? 'नाही'वर. क्षय नाही, मधुमेह नाही, फिट नाही, असं धडाधड करत आली ती, आणि अकराव्यालाही तसंच — नाही, खोटं कशाला बोलू, तिथे थांबली होती. माझ्याकडे बघितलं, म्हणाली, "कशाला उगाच?" मी म्हटलं, "हो, कशाला." आणि सही ठोकून मोकळा झालो. काल रात्रीपर्यंत काही वाटलं नाही. आता इथे बसल्यापासून तोच प्रश्न पुन्हा पुन्हा वाचतोय.

घेतलेत. उपचार. चौदा महिने. असे बघू नका काका, मी बरा आहे, दोन वर्षं होत आली गोळ्या बंद होऊन, त्यासुद्धा डॉक्टरांनी बंद केल्या, मी नाही. पण खाली बारीक अक्षरात काय लिहिलंय बघा — माहिती खोटी निघाली तर अर्ज रद्द, पुन्हा करता येणार नाही. आणि अर्ज एकट्याचा नाही ना! नोकरी बायकोला लागलीय तिकडे परदेशात, म्हाताऱ्या माणसांच्या दवाखान्यात, परिचारिका आहे ती. तिच्यामागे मी आणि मुलगी. एकाचं अडलं की तिघांचं अडलं. मुलीनं तर शाळेत सगळ्यांचा निरोपसुद्धा घेऊन टाकलाय, मैत्रिणींना खोडरबरं वाटून आली.

मग लिहावं खरं? एजंट म्हणतो, 'हो' लिहिलंत तरी लगेच नाकारत नाहीत, जुना रिपोर्ट मागतात, दोन प्रश्न विचारतात. रिपोर्ट आहे. हा इथे, पिशवीत, पाण्याच्या बाटलीखाली. बायकोला माहीत नाही मी आणलाय. चौदा महिने दर मंगळवारी ती मला दवाखान्यात सोडायची, गोळ्या मोजून द्यायची, एकदासुद्धा तोंड वाकडं केलं नाही — तिच्यापासून लपवायचं काय, असं तुम्ही म्हणाल. आहे. पहिल्या पानावर आहे.

सदतीस झाला का? बाप रे.

मी लिफ्टचा मेकॅनिक, काका. वीस वर्षं. प्रत्येक लिफ्टची एक वही असते, वर मशीनच्या खोलीत खिळ्याला टांगलेली — तारीख, बिघाड, काय केलं, सही. वस्ताद सांगायचे, नोंद चुकली तर गिरवायची नाही, पान फाडायचं नाही, वर पांढरं फासायचं नाही. एक सरळ रेघ मारायची, खालचं वाचता आलं पाहिजे अशी, वर बरोबर लिहायचं आणि बाजूला सही. मी वहीत कोरी नोंद बघितली ना, की मला घामच फुटतो. दहा वर्षांत एकही बिघाड नाही असं लिहिलेल्या लिफ्टच्या आत मी पाय ठेवणार नाही. आणि इथे, माझ्याच वहीत —

तीन वर्षांपूर्वी. काही झालं नव्हतं, तेच तर. कुणी गेलं नाही, भांडण नाही, काम होतं. झोप उडाली, एवढंच मी घरी सांगितलं. एका दुपारी सातव्या मजल्यावर दुरुस्तीला होतो. लिफ्ट तळाला. चावीनं दार उघडलं आणि त्या मोकळ्या बोगद्याच्या कडेला उभा राहिलो, कमरेचा सुरक्षा-पट्टा न लावता. हत्यारं ठेवली बाजूला, नीट, ओळीनं. किती वेळ उभा होतो कोण जाणे. खालून वॉचमन ओरडला, "अहो, लिफ्ट कधी चालू होणार?" आणि मी म्हटलं, "पाच मिनिटं." तोंडातून गेलं, सवयीनं. आता पाच मिनिटं म्हटल्यावर करायला नको? केली चालू. त्याच लिफ्टनं खाली आलो आणि तडक डॉक्टरांकडे गेलो. त्या वॉचमनला आजही ठाऊक नाही. तो मला म्हणाला, "सहा मिनिटं लागली."

हसा, हसा. मीही हसतो कधी कधी.

हे मी कुणालाही सांगितलेलं नाही काका. डॉक्टरांना, आणि आता तुम्हाला, पेन मागता मागता. बायकोला वाटतं, झोपेचं होतं. आत नवरा-बायकोला एकत्र बसवतात, मघाशी तो चौकड्यांच्या शर्टवाला सांगत होता. 'हो' लिहिलं की ते पान टेबलावर येणार. ती परिचारिका आहे, उलटं धरलेलं पानसुद्धा वाचते. आणि 'नाही' राहू दिलं, तर त्याखाली सही माझी आहे.

एकोणचाळीस. धरा जरा ही पिशवी. एक रेघ. सरळ. खालचं वाचता येतंय ना? येतंय. वर, 'हो'. बाजूला सही. झालं. झालं ना?

आली. ये, ये. झाला एक्स-रे? श्वास धरून ठेवायला लावला? बस. हो, मीच मारलीय रेघ. मीच. यांच्याकडे नको बघूस, त्यांनी फक्त पेन दिलं. रागाव, पण बसून रागाव, लोक बघतायत. नाही गं, तिकिटाचं नंतर बोलू, मुलीचंही नंतर. नंबर यायच्या आधी तुला एक पान दाखवायचंय. नको, वाचू नकोस. मीच सांगतो. तीन वर्षांपूर्वीच सांगायला हवं होतं.

काका, राग मानू नका, तुम्ही जरा त्या पलीकडच्या खुर्चीवर बसाल का? आणि हे घ्या तुमचं पेन.