पहिल्या चढाईचा मान

— न्हाई गा योगीराज, ह्या पंपाला काईच झालेलं न्हाई. हे बघ, दांडा मारला की फवारा बराबर यायलाय. वायसर नवं, नोझल साफ — मग कामून आणलास? कबड्डी मंडळाचा अध्यक्ष झालास, पण बहाणा करायचं आजून शिकला न्हाईस. माझ्यासंग खेळायचास तवा बी असंच, पाय धरायला निघालास की आधी तुझ्या डोळ्यातच दिसायचं. बस. त्या डब्यावर बस, खुर्चीवर फवारणीचं औषीद सांडलंय. न्हाई, परत नको सांगू, ऐकलं मी. संघ माझ्या हवाली करायचाय. आसारामला मॅनेजर करायचं, गाव एकमतानं म्हणायलंय. आपल्या झरीत कवा कशावर एकमत झालंय रे? पाण्याच्या टाकीची जागा ठरंना, आन माझ्यावर एकमत!

तुला वाटलं असंल मला आनंद व्हईल. न्हाई झाला. राग बी न्हाई आला. तुझी काकू, छबू, तुला येताना बघूनच म्हणली, मंडळाचं काम दिसतंय, हो म्हणा. तिला वाटतंय मैदानावर गेलो की मी माणसात यीन. माणसातच हाय की मी. गिऱ्हाईक आलं की पंप खोलतो, बसवतो, जेवतो, झोपतो. आजून काय करत्यात माणसं? गुडघा गेला तवापासून मैदानात पाय ठेवला न्हाई, हे तुला मालूमच हाय. जत्रंच्या दिवशी जातो तेवढा. ते बी देवळाच्या मागं उभा राहतो, तिथून मैदान दिसत न्हाई, आवाज येतो नुसता. आवाजावरनंच समदं कळतंय मला. चढाईला गडी गेला की लोक गप होत्यात, माघारी आला की वरडत्यात. आन माझा पोरगा माऊली गेला की — गप, आन मग हसू. लय मोठ्यानं न्हाई हसत. घरच्या माणसाला हसावं तसं हसत्यात. मग मी घरी येतो.

ह्यो पहिल्या चढाईचा मान आमच्या घरात कसा आला ते तू बघितलंस की — बारका व्हतास, पण व्हतास तिथं. जिंतूरच्या संघासंग सामना, शेवटची चढाई, आन मी तिघं बाद करून आलो. तवाच्या सरपंचानं, आबासाहेबानं, पारावर बसून ठरवलं — जत्रंत काठीचा मान भुजंगाच्या घरी, निवदाचा मान आबासाहेबाच्या घरी, तसा हितून पुढं पहिल्या चढाईचा मान आसारामच्या घरी. कबड्डीत कुणी असं करतंय का? दुसऱ्या गावाला सांगितलं तर येड्यात काढतील. पण आपल्या गावाला मान वाटायची लय हौस. मला बी बरं वाटलं. खोटं कामून बोलू, लयच बरं वाटलं. पुढं गुडघा गेला, पण मान काई माघारी देता येत न्हाई — मग घाला माऊलीच्या गळ्यात! मिसरूड फुटलं नव्हतं तवापासून जायलाय त्यो. दरसाल जातो आन दरसाल त्येला धरत्यात. कोपऱ्यातलं एखादं पोरगं पाय धरतंय, बाकीचे वर पडत्यात, झालं. आपला संघ दरसाल आपला एक गडी भाईर बसवूनच खेळायला लागतो. 

पोरगं वाईट न्हाई रे. शेतात त्येच्यासारखा गडी न्हाई. तिफण धरली की तास असं सरळ काढतंय की बघत रहावं. पण चढाई म्हणजे — समोरचे काय करणार, ते त्येंनी करायच्या आधी कळावं लागतंय, आन माऊलीला ते करून झाल्यावर बी कळत न्हाई. मी बाप हाय म्हणून म्हणतो, दुसरं कुणी म्हणलं असतं तर पाना फेकून मारला असता. म्हणूनच कुणी म्हणत न्हाई. गेल्या जत्रंचा व्हिडिओ पिंकीच्या मोबाईलवर आलता. भावाचा खेळ हाय म्हणून कौतिकानं दाखवायली मला. मागं कसलं तरी गाणं लावलेलं, हसायचं. त्यात माऊली उताणा पडलाय, आन उठताना देवळाकडं बघायलाय. लोकांकडं न्हाई, देवळाकडं. पिंकीनं मोबाईल उलटा ठेवला. मी म्हणलं, जेवायला वाढ. 

मला एक सांग, तुमाला मॅनेजर पाहिजेच कशाला? शिकवायला? पोरं समदं मोबाईलवर बघून शिकायलीत. लिंबाजीचा राम — त्येला मी शिकवायचं? बोनस घेऊन असं वळतंय ते पोरगं, माझ्या टायमाला मला जमलं न्हाई. माझ्यापेक्षा चांगला हाय, खुशाल सांग गावात. मग म्हाताऱ्या आसारामचं काम काय? — आं? खाली कामून बघायलास? 

आच्छा.

आच्छा, आच्छा. मान काढायचाय. मंडळानं काढला तर आसारामची बेइज्जती, आन आसारामनं काढला तर आसारामची मर्जी. असंच ना? हुशार हाय मंडळ. न्हाई रे, राग न्हाई आला. यायला पाहिजे व्हता, मी शोधायलोय, पण सापडंना. तुला हाकलून द्यायला पाहिजे हितून. माऊलीला तेवढीच एक गोष्ट हाय गावात, योगीराज. लगीन जमंना त्येचं. पाहुणे आले की छबू सांगती, झरीच्या जत्रंत पहिल्या चढाईचा मान आमच्या पोराला हाय. पाहुणे चहा पित्यात. पुन्हा निरोप येत न्हाई, ते जाऊ दे — पण सांगायला तेवढं एक हाय. ते बी काढून घेऊ? बापानंच? कारण मॅनेजर झालो की मला त्येला काढावंच लागंल, खेळात मी कुणाला सोडलं न्हाई, तुला बी भाईर बसवलंय. न्हाई, न्हाई. जा, सांग मंडळाला, आसाराम न्हाई म्हणला. दरसाल पडतो तर पडू दे. आसंच चालू दे.

थांब जरा. मंडळाच्या बैठकीत माझं नाव पहिल्यांदा कुणी काढलं? भुजंगानं? न्हाई? मग लिंबाजीनं, त्येच्या पोराचा फायदा हाय — त्यानं बी न्हाई? तू? बोल की गड्या, आता काय लपवायलास. माऊली व्हता ना बैठकीला? रोज संध्याकाळी मंडळात जातो म्हणून इचारायलोय.

...

माऊलीच उठून म्हणला? समद्यांपुढं? काय म्हणला बराबर, तसंच सांग. — ‘आमच्या बाबाला मॅनेजर करा, तेच मला काढतील.’ हसत म्हणला का? हसत न्हाई.

सकाळी आमी दोघं शेजारी बसून भाकर खाल्ली. भाजीत मीठ कमी हाय म्हणला, तेवढंच बोलला. मला वाटायलतं त्येला पाहिजे ह्यो मान, म्हणून मी गप. आन त्यो — त्यो कुणासाठी जायलता मग इतकी सालं? ... न्हाई, पाणी नको मला. काई झालं न्हाई. 

घाल माझं नाव. हो म्हणायलोय, आजून काय पाहिजे? पहिली चढाई लिंबाजीच्या रामला. मान-बिन काई न्हाई, चांगला हाय म्हणून. पुढच्या साली त्येच्यापेक्षा चांगला कुणी निघाला तर त्येला. माऊलीला मी सांगतो. घरी गेलो की सांगतो.

न्हाई. तूच सांग, योगीराज. त्येला लय आनंद व्हईल बघ. मला न्हाई बघवणार ते.

ऊठ आता. दुकान बंद करायचंय. — हो, दुपारीच.