मानाचा माईक

न्हाई न्हाई, मला आधी एक सांगा मंडळी, माईक म्हंजे काय मानाचा नारळ हाय का हो? नारळाचं एक बरं असतंय, कुणाच्याबी हातात द्या, फोडला की पाणीच निघणार. माईकचं तसं न्हाई! चुकीच्या माणसाच्या हातात गेला की त्यातनं काय बाहेर पडंल ह्याचा भरवसा न्हाई... आन् हे मी, धनाजी साउंडवाला, राहणार भोर, गेली वीस वर्सं घसा फोडून सांगतोय, पण ऐकतंय कोण? सगळे माईक दुसऱ्यांच्या हातात, माझं कुणाला ऐकू जाणार?

तुमास्नी सांगतो, गेल्या साली हिर्डोशीच्या वरच्या अंगाला एका वाडीची जत्रा होती. वाडीचं नाव इचारू नका, पोट हाय मला. दुपारचा कार्यक्रम. टेम्पो वर चढंना म्हणून निम्मं सामान मी डोक्यावर घेऊन गेलो. देवळापाशी पोचतोय न पोचतोय तोच सगुणाआजी आल्या. अठ्ठ्याहत्तर वय, पाठीत वाकलेल्या, पण जात्यावर बसल्या की ओवीला ओवी जोडत दिवस काढतील. मला म्हणल्या, "धनाजी, पुण्याची ती चैत्रालीबाई आलीय ना, ओव्या गोळा करणारी, ती पार मागं लिंबाखाली बसलीय. माझा आवाज तेवढा तिच्यापतूर पोचीव बाबा. माझ्या आईच्या दोनशे ओव्या हायेत माझ्यापाशी. माझ्या सुनंला येत न्हाईत, नातीला तर जातंच म्हाईत न्हाई. म्या गेल्यावर त्या कुणाला म्हाईत राहणार?"

म्या म्हणलं, आजी, तुमच्यासाठी खास माईक आणलाय. आन् आणलाच होता! तीन माईक होते माझ्याकडं. भाषणाचा एक, जाळीला पोचे आलेला, त्याला दात लागूद्यात, थुका लागूद्यात, कशाची तक्रार न्हाई. दुसरा ढोलकीचा, ह्यो जाडजूड, बहिऱ्या म्हाताऱ्यागत, कानाशी जाऊन बडवल्याबिगर ऐकतच न्हाई. आन् आजींसाठी नवा, नाजूक, लाल मखमलीच्या पेटीतला! आरं काय त्याचा कान! दहा फुटावर मांजर अंग चाटत असलं तरी ह्यो तुमाला सांगणार. सगळं जिथल्या तिथं लावलं, आन् पाणी प्यायला गेलो. तिथंच चुकलो!

परत येतोय तर जत्रा कमिटीचे अध्यक्ष मानसिंगराव पेटीत डोकावून उभे! "ए धनाजी, हा मखमलीतला कुणाचा?" म्या म्हणलं, सगुणाआजींचा. "असं? आन् अध्यक्ष कोण हाय, आजी?" म्हणलं, न्हाई दादा, तुमीच. "मग पेटीतला माईक म्हातारीला आन् पोचे पडलेला अध्यक्षाला? पालखीत मान आमचा, काठीला मान आमचा, आन् माईकला न्हाई?"

अहो दादा, माईक हाय त्यो, मानाचा नारळ न्हाई! पण न्हाई! उचलला आन् घेतला की मांडीवर! आता अध्यक्षांनी मानानं घेतला म्हणल्यावर बाकीचे गप बसतात व्हय? ढोलकीवाला कुमार म्हणला, "अध्यक्षांच्या खालोखाल मी. आमच्या घरात ढोलकी पणज्यापास्नं हाय. मला भाषणाचा पायजे." म्या म्हणलं, बाबा, ढोलकी खाली हाय, तुझं तोंड वर हाय. "मग? गावानं ढोलकीला बघायचं का मला?" लावला बघा तोंडाशी! राहिला ढोलकीचा, त्यो सूत्रसंचालनाला चिमाजी मास्तरांनी धरला. का? तर, "जाड आहे. आवाजाला वजन येईल."

आलं! आलं वजन! मास्तर उठले, चार महिने घोकून ठेवलेलं प्रास्ताविक सुरू केलं, आन् कर्ण्यातनं काय? पाण्याच्या मोटारीगत नुसतं भक्... भक् भक्... भक्! मागची लोकं म्हणायला लागली, "मास्तरांला धाप लागलीया, खुर्ची द्या." कुमारनं ढोलकीवर थाप मारली. ढोलकी? गायब! नुसतं कुमारचं तोंड ऐकू येतंय : "हां... हां... हाण... आरं तंबाखू कुणाकडंय... हां..." म्या मशीनवर बटणं फिरवतोय, घामानं भिजलोय, आन् लोक माझ्याकडं असं बघत्यात जसं काय म्याच तंबाखू मागितली!

मग अध्यक्ष. हातात मखमलीतला! पहिलं वाक्य बोलायच्या आधीच त्यांच्या पोटातनं असा काय आवाज निघाला की खाली बांधलेली बैलं उभी राहिली. तिथवर ठीक होतं हो, उपास होता त्यांचा. पण त्यांनी मान वळवली आन् मास्तरांच्या कानात कुजबुजले... कुजबुजले बरं का, हळूच... आन् ते डोंगराला धडकून माघारी आलं : "त्या म्हातारीला दोन मिंटांत उरकायला सांगा. मला परत बोलायचंय!"

अध्यक्ष इकडं बघत्यात, तिकडं बघत्यात, कोण बोललं म्हणून! तोवर बायकांतनं रतनकाकू उठल्या. पदर खोचला. "का हो मानसिंगराव? दोन मिंटांत? सगुणे, ये गं वर! आज जातं मोडंस्तवर गा!" चार बायकांनी जातं उचलून वर आणलं, अध्यक्षांच्या खुर्चीला लागून मांडलं. आता माईक? रतनकाकूंनी मलाच धरला. "हिच्यापुढं माईक का न्हाई? समद्यांला हाय, हिलाच न्हाई?" आन् हात घातला माझ्या पिशवीत, आन् काढला एक! आता ते काय होतं, तर चार वर्सांमागं पावसात भिजून मेलेला माईक, खिळे ठोकायला ठेवलेला! म्या बोलणार, काकू, त्यो मेलाय, तर लोंबती वायर बघून, आपल्या माईकवर पंजा दाबून अध्यक्ष म्हणत्यात, "असूदे रं, ठेव. तिला काय कळतंय."

सांगतो तुमाला, असा राग आला, असा राग आला... आन् केलं काय? ठेवला! मान खाली घालून ठेवला तिच्यापुढं. वायरसुद्धा कशालाच जोडलेली न्हाई. लाज वाटली मला. त्या म्हातारीनं त्या मेलेल्या माईकला दोन्ही हातांनी नमस्कार केला हो! आन् जात्याच्या खुट्याला हात घातला.

"माहेराच्या वाटं, नीरा आडवी गं झाली,
आईची माझ्या ओवी, पाण्यावरून चालत आली..."

आन् कर्ण्यातनं आली! म्या उडालो! मेलेल्यातनं आवाज? मग डोक्यात उजेड पडला. त्यो नाजूक, मखमलीतला, अध्यक्षांच्या मांडीवर चालूच होता! हातभर अंतरावर! मांजर अंग चाटलेलं ऐकतोय त्यो, आजीला सोडतोय व्हय? म्या हळूच त्याचं बटण चढवलं. जात्याची घरघर, बांगड्यांचा आवाज, दोन ओव्यांच्या मधला तिचा श्वाससुद्धा... पार लिंबाच्या पलीकडं! फक्त अध्यक्ष हलले की खर्रर्र व्हायचं. म्या मशीनमागनं हात जोडले, खुणा केल्या : हलू नका, खोकू नका, तुमच्या पोटाला सांगा! आन् मगाशी डोंगरानं ऐकवलेलं ध्यानात होतं त्यांच्या. पंचेचाळीस मिंटं! पंचेचाळीस मिंटं मानसिंगराव श्वास चोरून, माईक छातीशी धरून, माशी नाकावर बसली तरी तसेच! वीस वर्सांत असा भारी स्टँड मला मिळाला न्हाई!

चैत्रालीबाई मागनं उठून पार पुढं आली, आजीच्या पायापाशी बसली. पुढं तीन खेपा आली ती वाडीवर. दोनशे म्हणता दोनशे चौदा ओव्या निघाल्या, सगळ्या उतरवून घेतल्या. त्या दिवशी मी मशीनमागं बसून रडलो, सरळ सांगतो, लपवायचं काय त्यात?

पण गाव! गावानं काय केलं? गाव आलं आन् त्या मेलेल्या माईकला हात लावून पाया पडलं! "काय माईक हाय! असा आवाज बापजन्मात ऐकला न्हाई!" म्या जीव तोडून सांगतोय, अहो त्यो मेलाय, वायर बघा की! तर मास्तर मला समजावतात, "धनाजी, कलावंतानं नम्र असावं, पण इतकं नको." अहो, माईक हाय त्यो... जाऊद्या.

तर आवंदाच्या जत्रंला कमिटीचा ठरावच झाला. त्यो मेलेला माईक मानाचा. त्याला हार, त्याला कुंकू, आन् मानाचा म्हणल्यावर धरणार कोण? मानसिंगराव! आता काय सांगायचं? म्या म्हणलं, धरा दादा.

सव्वा तास बोलले. हातवारे करून बोलले. गाव एकदम शांत, कुणी शेंगा खातंय, कुणी डुलक्या घेतंय, एक माणूस उठून गेला न्हाई. भाषण संपल्यावर असल्या टाळ्या पडल्या म्हणून सांगू! घाम पुशीत माझ्यापाशी आले, खांद्यावर हात ठेवला आन् म्हणले, "धनाजी, आज खरा आवाज लागला बघ. पुढच्या साली दोन तास बोलतो."

म्या म्हणलं, बोला दादा... गावाची कायबी हरकत न्हाई.