फुलावर घेतलेली डिग्री

...अन् तुम्ही म्हणता डिग्रीवाल्याची मजा आहे! कोणती मजा गा? तुम्हाले सांगतो, वाडीच्या या गोदामात मले पगार पावणेतीनशे अन् हातात पडते दीडशे! सव्वाशे कापल्या जाते. काहून? दारू पेतो का मी? जुगार खेळतो? नाई! ते माह्या डिग्रीचे कापते. पुरं ऐका, मंग हासा.

मी गिरिधर, काटोलकडचा. घरी संत्र्याची दोनशे झाडं. माहा बाप म्हणे, पोट्ट्यानं शेतीच शिकावी, पण त्यातला धंदा शिकावा. म्हणून नागपूरले शेतकी कॉलेजात टाकलं. सालचा खर्च बाराशे. कुठून आणा? त ताराचंद शेठ आहे न, संत्र्याचा व्यापारी! आमच्याकडची रीत अशी, का झाडाले निस्ता फुलोरा आला का शेठ येते, हात मागं बांधून बगीच्यात एक चक्कर मारते अन् बापाले म्हणते, "देवाजी, तीन हजार. लडके की फीस भरनी है ना?" फळ अजून झाडाले दिसत नाई, पण झालं ते शेठचं! याले म्हणते बगीचा फुलावर देणं. माह्या बापानं चार साल दिला.

शेवटच्या साली सरांनी फळ्यावर धडा घेतला, फुलावर माल विकल्यानं शेतकऱ्याचा तोटा किती होते? "कोणी एखाद्या बगीच्याचे आकडे सांगा." मी हात वर केला... भल्ला हुशार न मी! सांगितले आपलेच. सत्तर हजार फळ, बाजारात किंमत छप्पनशे, मिळाले तीन हजार. सर म्हणे, "सव्वीसशेचा तोटा! कोण हो हा बह्याड शेतकरी?" मी म्हटलं, "असंल सर कोणी..." अन् खाली बसलो. लाज बापाची नाई वाटली, माही वाटली.

तिथंच वहीत लिवलं. चार सालाचा तोटा दहा हजार चारशे, वरून कॉलेजचा खर्च अठ्ठेचाळीसशे. पंधरा हजार दोनशेची डिग्री! अन् तिनं शिकवलं काय? का ही डिग्री ज्या पैशानं घेतली तसा सौदा कधी करू नये! आता सांगा, हिशोब चुकला कुठं?

मी बापाले म्हटलं, बाबा, तुमचा एकेक पैसा फेडीन. बाप म्हणे, "देजो बापा, घाई नाई." सतरा अर्ज केले. उत्तर एकाचं आलं नाई. शेवटी नोकरी कोणी द्यावी? ताराचंद शेठनं! "गिरिधरबाबू, अब अपुन फूल पे नहीं लेंगे. तोडीच्या आधी झाडावरच फळ मोजून घेऊ, हजारी पन्नास. तुम डिग्रीवाले हो, गिनती तुम्हारी. पण फळ कमी निघालं त फरक मोजणाऱ्याच्या पगारातून, हां!" म्हटलं, चालते! मले का भेव? खोली, खानावळ, एस्टी, साबण जाऊन महिन्याले शंभर वाचन, बारा साल आठ महिन्यात बाप फिटन. हिशोब चुकला कुठं?

अन् पहिला बगीचा कोणता मोजाले धाडलं? आमचाच! शेठ म्हणे, बाप आहे, झगडा करणार नाई.

पुस्तकात लिवलं आहे, पाच झाडं मोजा, सरासरी काढा, दोनशेनं गुणा. उन्हं भल्ली होती. बाप म्हणे, "अरे, शिकलेला माणूस तू, उन्हात काहून मरून राहिला? इकडं विहिरीपाशी साउलीत मोज न गा!" माय ताक घेऊन आली. बसलो. मोजली विहिरीजवळची पाच झाडं. झाडामागं पाचशे फळ! गुणिले दोनशे, एक लाख! सही ठोकली. शेठनं बापाले रोख पाच हजार मोजून देल्ले. बाप मान खाली घालून घेऊन राहिला होता, मले वाटलं, रडून राहिला.

तोड झाली. निघाले सत्तर हजार.

निघतीनच न! विहिरीजवळच्या झाडाले बारा महिने पाणी, बाकीची झाडं पावसाच्या भरोशावर! हे दुधपित्या लेकरालेही मालूम आहे, मलेही मालूम होतं... पण पुस्तकात विहीर नव्हती न! तीस हजार फळ कमी, पंधराशेचा फरक, महिन्याले सव्वाशे, एक साल.

गेलो तणतणत घरी. घरावर नवे कवेलू! माय खुशीत वर पाहून राहिली, दरसाल गळणारं घर, यंदा थेंब नाई. माहा राग अर्धा तिथंच गेला. तरी बोललो, "बाबा, तुम्ही मले विहिरीपाशी काहून बसवलं? माह्या पगारातून कापून राहिले न!"

बाप म्हणे, "त्याच्या नोकरीची ती अट तू मले सांगतली होती का? मी त शेठचे काढले." अन् मंग बोटावर मोजाले लागला, चौथी शिकलेला माणूस! "तू महिन्याले किती देणार होता?"

"शंभर."

"आता किती जाऊन राहिले?"

"सव्वाशे."

"म्हणजे पंचवीस जास्ती. अन् सालभराचे सारे मले पहिलेच भेटले."

घ्या! शेठ आमचा बगीचा फुलावर घेत होता, बापानं माहा पगार फुलावर घेतला! पुस्तक काढून पाह्यलं, बापाच्या हिशोबात एक पैशाची चूक नाई. निघालो त बापानं माह्या पिशवीत दोन डझन संत्री टाकली, पाठीवर हात ठेवला अन् म्हणे,

"पुढच्या सालीही तूच ये मोजाले. दुसऱ्या कोणाले नोको धाडू."