महालातली कुत्री

लीलाबाई : अजून झालं नाई विंचरणं? सकाळपासून तेच करून राह्यले तुमी.

रूपराव : गुंते होतात वं. रोज नाई विंचरलं तं कातडीपर्यंत गाठी बसतात. समीक्षानं बजावून ठेवलं हाये.

लीलाबाई : त्याच समीक्षाच्या वेण्या दहावीपर्यंत मीनं घातल्या. तवा तुमच्या हातात कंगवा नाई दिसला. आता पोरीनं पुण्याहून कुत्री आणून ठेवली, तं हात फुटले तुमाले!

रूपराव : गावठी नोय हे. शिह त्झू हाये. तिबेटातून चीनच्या बादशहाच्या महालात गेली म्हणतात यायची जात. राण्यायच्या मांडीवर वाढलेली.

लीलाबाई : म्हणून हे ‘राणी’. आन् मी? ‘आयकलं का!’

रूपराव : नाव पोरीनं ठेवलं.

लीलाबाई : हाका तं तुमी मारता. राणी खाऊन घे, राणी डोळे पुसू दे. कोमट पाण्यात कापूस बुडवून! मी तापानं फणफणली, तवा कपाळावर हात कोणाचा होता? शेजारच्या छायाचा.

रूपराव : गोळ्या आणल्या होत्या न मीनं.

लीलाबाई : आणल्या. टेबलावर ठेवल्या.

रूपराव : कुत्रीवर काय जळतं तू?

लीलाबाई : तुमी तिच्यासंग बोलता. अल्लीपूरच्या वावराचं, तुमच्या मायचं, सारं. मले सयपाकघरात आयकू येते.

रूपराव : ते उलटून काई म्हणत नाई.

लीलाबाई : मी तरी काय म्हणली असती? मी तं इथंच होती.

(लाइट गेली, कूलर थांबला. उकाड्यात कुत्री जीभ काढून धापा टाकू लागली. लीलाबाईंनी आधी मुद्दाम तिकडं पाहिलंच नाही.)

रूपराव : लीला, इकडं पाह्य! हिले श्वास घेता येऊन नाई राह्यला. चपटं नाक, गरमी सोसत नाई हिले. काय करू वं?

लीलाबाई : हटा तिकडं. पंचा ओला करून आणा.

रूपराव : फ्रिजमधला बर्फ लावू?

लीलाबाई : एकदम बर्फ नको. साधंच पाणी. पोटाले, पायाले लावा. आता पुठ्ठा घ्या, वारा घाला. ये वं पोट्टे, ये. चाट जरासं पाणी.

रूपराव : कशी हाये?

लीलाबाई : धाप बसली. पाहा, शेपटी हलवून राह्यली.

रूपराव : तरी डॉक्टरले दाखवून आणू. ऑटो बोलावतो.

लीलाबाई : बोलवा. मी बी येतो.

रूपराव : दे तिले माह्याजवळ. तुह्या पायाले रग लागन.

लीलाबाई : राहू द्या, माह्या मांडीवर टेकली ते. ऑटो येईस्तोवर तुमी माह्यासंग बोला.