हजेरीप्रमाणे डबे

आदरणीय अध्यक्ष महोदय, व्यासपीठावरील डॉक्टर मंडळी, आज सेवानिवृत्त होणाऱ्या आपल्या सिस्टर, आणि समोर बसलेल्या भगिनींनो, बंधूंनो,

चमच्याच्या दांड्याने पत्र्याच्या डब्याचं झाकण उचकटलं की 'टक्' असा आवाज होतो. पुराच्या वर्षी आमच्या शाळेच्या व्हरांड्यात तो एकोणीस वेळा झाला. तेव्हा मला तो फार गोड वाटला होता.

मी मुख्याध्यापक. जन्मभर मुलांकडून कविता चालीवर म्हणवून घेतल्या. एक मात्रा हलली तरी मला घास जात नसे. शाळेत छावणी उघडली आणि मदतीत दूधपावडरचे डबे नि बाटल्या आल्या. मास्तर दुसरं काय करणार? हजेरीपट काढला. दर तान्ह्यामागे एक डबा, एक बाटली.

छावणीत ड्यूटीवर आपल्या याच सिस्टर होत्या. त्या म्हणाल्या, "सर, जी अंगावर पाजतेय तिला डबा कशाला? आणि बाटली तर कुणालाच नको. धुणार कशात, पुराच्या पाण्यात?"

"माझ्या शाळेत भेदभाव चालत नाही, सिस्टर."

"भेदभाव कसला? ज्या बाळाला आई नाही, त्याचं दूध मी उकळलेल्या पाण्यात करून वाटी-चमच्याने पाजते. बाकीच्या आयांना पोटभर जेवू घाला, म्हणजे झालं."

मी चारचौघांत म्हणालो, "तुम्ही आपली इंजेक्शनं सांभाळा."

हजेरीत सहाव्या क्रमांकावर एक तरुण आई होती. लेक तीन महिन्यांची, आईला दूध भरपूर. पण सरांनी दिलंय म्हणजे चांगलंच असणार, म्हणून तिने बाटली धरली. चौथ्या दिवशी लेकीला जुलाब लागले, डोळे खोल गेले. इकडे अंगावर पाजणं थांबल्याने आईचं दूधही आटत चाललेलं. आणि मी तिला काय म्हणालो असेन? "बाटली नीट धुतली नसशील."

तिने मान खाली घातली.

सिस्टरांनी जगाच्या नकाशाचा आडोसा केला. चमच्याने जलसंजीवनी देत, बाळाला पुन्हापुन्हा आईच्या अंगावर लावत त्या तीन दिवस तिथेच बसल्या. लेक वाचली. छावणीच्या कामाचं प्रशस्तिपत्र मात्र मला मिळालं. टाळ्या वाजवणाऱ्यांत सिस्टरही होत्या.

सिस्टर, अकरा वर्षं उशिरा तुमची क्षमा मागतो. त्या आईची मागायची राहूनच गेली. कोणत्या तोंडाने जाणार होतो?

आपण शांतपणे ऐकलंत, आभारी आहे. बोलण्यात चुकलं असेल ते पोटात घाला. करण्यात चुकलं ते घालू नका.

अध्यक्ष महोदय, क्षणभर. मागच्या दारात कोणी उभं आहे. अंगाने भरल्यात, पण मी ओळखलं. सिस्टरांसाठी आल्या असणार, मला बघून उंबऱ्यातच थांबल्यात.

या बाई, आत या. नको, थांबा. मीच येतो तिकडे.