भोकं कुणी बुजवली

…आणि मगर म्हणू नका त्याला. मघापासून तीनदा म्हणालात, मी मोजतोय. शिकलेल्या बाई तुम्ही, संग्रहालयात नोकरीला, तीही जुन्या हाडांच्या खात्यात, आणि तरी मगर? फायटोसॉर म्हणायचं. दिसतो मगरीसारखा, हे कबूल, पण मगरीशी त्याचं नातं म्हणजे चुलत्याच्या मेव्हण्याच्या साडूशी असतं तेवढंच. आज ज्या मगरी दिसतात त्या यायच्या कितीतरी आधी हा नदीत पडून मासे गिळत होता, आणि वीस कोटी वर्षांपूर्वी आटोपला सुद्धा. नावाचा अर्थ माहीत आहे ना? झाडपाल्याचा सरडा. आता हा झाडपाला कुठून आला — तर ज्या शहाण्याला याचा जबडा पहिल्यांदा मिळाला, त्याने दातांच्या खाचांत साचून दगड झालेल्या चिखलालाच दात समजून टाकलं, आणि ठरवलं की हे पाला चघळणारं जनावर. असल्या जबड्याचा प्राणी, आणि पाला. चूक कळली, सगळ्यांना कळली, तरी नाव तेच चालू आहे. ही तुमची विद्या. आणि तुम्ही मला विचारायला आलात, की चूक कशी झाली.

बसा ना. त्या खुर्चीवर नको, ओलं प्लास्टर आहे — इकडे, खिडकीपाशी. ताईने बघितलंय तुम्हाला येताना, म्हणजे चहा केल्याशिवाय ती राहायची नाही. ताई म्हणजे माझी थोरली बहीण. आत स्वयंपाकघरात आहे. अठ्ठ्याहत्तरची आहे, हळूहळू करते सगळं, तेव्हा ती येईपर्यंत आपलं काम उरकून टाकू. वाचा तो पाटीचा कागद पुन्हा, शेवटच्या दोन ओळी. 'मूळ कवटीच्या साच्यावरची नाकपुड्यांची छिद्रं सहायक महिलेने फुटलेला भाग समजून बुजवली. त्यामुळे या प्रतिकृतीत नाकपुड्या डोळ्यांजवळ असण्याऐवजी चुकून तोंडाच्या टोकाला दाखवल्या गेल्या.' छान. जुन्या फाईलमधून उतरवलंय ना? तसंच आहे, शब्दाला शब्द. कुठे सही करू? इथे? थांबा, चष्मा कुठे ठेवला —

चुकांचं दालन काढताय म्हणे तुम्ही. माणसाने पूर्वी काय काय चुकीचं समजून घेतलं ते लोकांना दाखवायचं. पूर्वी संग्रहालयात खरं काय ते दाखवायचे, आता चुका दाखवणार, तिकीट मात्र तेवढंच. आणि पहिला मान माझ्या जनावराला. सव्वीस वर्षं मधल्या दालनात होतं ते — साडेसहा मीटर, लोक दारातून आत आले की आधी दोन पावलं मागे सरकायचे, मी बघितलंय उभं राहून — ते आता कोपऱ्यात जाणार, शेजारी तुमचं नवीन जनावर, आणि मधे ही पाटी. म्हणजे शाळेत बाकावर उभं करतात तसंच झालं की. नवीन बघितलंय मी. तुमच्या त्या संगणकवाल्याने केलेलं. नाकपुड्या बरोबर जागी आहेत, मान्य, पण बाकी काय आहे त्यात? त्या माणसाने आयुष्यात कधी माती मळलेली नाही, नखं बघा त्याची. एक खवला काढला आणि तोच हजार वेळा चिकटवला. कातडी आहे का ती? बाथरूमची फरशी आहे. माझ्या जनावराच्या अंगावर एक खवला दुसऱ्यासारखा नाही. भिंग घेऊन जा आणि बघा. अकरा हजार खवले, एकेक हाताने, पोटाखालचे सुद्धा, जिथे वाकून कुणी बघत नाही. माझ्या हाताने नव्हे, ताईच्या. खवले तिचे. तिला तेवढंच जमायचं — म्हणजे तेव्हा मी असंच म्हणायचो. ते काही तुमच्या कागदावर नाही. नसू दे.

माझं म्हणाल तर मी तीन महिने प्राणिसंग्रहालयात मगरींच्या खड्ड्याशी बसलो होतो. सकाळी नऊ ते पाच, डबा घेऊन. तिथला रखवालदार म्हणायचा, आता मगरीच तुमची वाट बघतात. जिवंत जनावर बघितल्याशिवाय मेलेलं करता येत नाही, हे माझं तेव्हाही म्हणणं होतं आणि आजही आहे. जबड्याखालची कातडी कुठे सैल पडते, पाय पोटाशी कसा घेते, पाण्याबाहेर काय ठेवते — डोळे, आणि तोंडाचं टोक. टोकाला नाकपुड्या, झाकण असल्यासारख्या उघडतात, मिटतात. तीनशे चित्रं काढली, त्यातली चाळीस नुसत्या नाकपुड्यांची. आणि एवढं सगळं झाल्यावर तुमचे डॉक्टर एका खोक्यात प्लास्टरची कवटी आणून टाकतात आणि म्हणतात, याच्यावरून करा. मग मी तीन महिने काय मगरींना कंपनी द्यायला गेलो होतो?

डॉक्टर म्हणजे हात मोडल्यावर जायचे ते नव्हेत, तुमच्या खात्याचे तेव्हाचे प्रमुख. तुम्ही नसाल बघितलं, सात-आठ वर्षं झाली त्यांना जाऊन. गेलेल्या माणसाचं काहीतरी चांगलं आठवावं म्हणून मी बराच प्रयत्न केला, नाही आठवत. जनावराचं काम चाललं होतं चौदा महिने, तेवढ्यात हे गृहस्थ इथे आले तीनदा. एकदा कवटी द्यायला, एकदा विसरलेली छत्री न्यायला आणि एकदा मंजुरीची सही करायला. सही केली शेपटीशी उभं राहून. तोंडापर्यंत पोचलेच नाहीत, फोन आला मधेच. आणि फोनवर मात्र कुणाला तरी म्हणाले, प्रत्येक हाड मी स्वतः तपासलंय.

कवटी कशी आणली होती माहीत आहे? जुन्या वर्तमानपत्रांचे बोळे कोंबून. तीन ठिकाणी तडकलेली. दात पाच-सहा तुटलेले, ते खोक्याच्या तळाशी. आणि वरच्या अंगाला, डोळ्यांच्या खोबणींच्या थोडी पुढे, दोन भोकं — अंगठा जाईल एवढी. आता इतकं ठिकठिकाणी मोडलेलं असताना माणूस त्या भोकांना काय समजणार? फुटलंय असंच समजणार. आणि बुजवणार. ताईने बुजवली. त्यात एवढं पाटी लावण्यासारखं काही नाही. आतून कापडाचा तुकडा लावायचा, नाहीतर पुट्टी आत पडते, मग पहिला पातळ थर, तो वाळला की दुसरा, वरून पॉलिशपेपर. उजवं पटकन झालं. डाव्यातलं कापड दोनदा आत पडलं, चिडचिड झाली नुसती, शेवटी तार वाकवून मी ते खालून धरलं आणि दुसऱ्या हाताने —

काय?

नाही, ती होती ना शेजारी. मी फक्त तार धरली होती.

बघा, तुम्ही लोक हाडाच्या एका कपच्यावरून अख्खं जनावर उभं करता, तसं माझ्या एका वाक्यावरून करू नका. सव्वीस वर्षांपूर्वीची गोष्ट आहे. कुणाच्या हाताला पुट्टी लागली होती याने काय फरक पडतो? दोघं एकाच खोलीत होतो. बरं, मी बुजवली समजा. समजा कशाला — मीच बुजवली. झालं? तिने तर नको म्हटलं होतं. कवटी मांडीवर घेऊन साफ करत बसली होती, भोकाच्या कडेवरून बोट फिरवलं तिने, दोनदा फिरवलं, आणि म्हणाली, "अरे, हे फुटलेलं नाही. फुटलेल्याची कड बोचते. ही गुळगुळीत आहे. हा इथूनच श्वास घेत असणार बघ." अशी, सहज. सातवीत शाळा सुटलेली बाई. खड्ड्याशी एक दिवस बसली नव्हती, एक चित्र काढलं नव्हतं, आणि मला सांगतेय जनावर श्वास कुठून घेतं. मी म्हटलं, तू खवले लाव. खोलीत दोन वेल्डर होते, सांगाडा जोडत होते, ते हसले. ताई पण हसली थोडीशी. आणि खवले लावायला बसली. पुन्हा त्यावर एक अक्षर काढलं नाही. तोंडावरचे खवले तिनेच लावले, टोकाशी मी केलेल्या नाकपुड्यांभोवतीचे सुद्धा. तिथले सगळ्यात बारीक आहेत. चुकीचं आहे हे ठाऊक असून मन लावून करत होती, आणि मला वाटत होतं, बरी जिरवली.

मग उद्घाटन झालं, फीत कापली, फोटो छापून आले. चौथ्या दिवशी डॉक्टर इथे हजर. बाहेरगावच्या कुणा तज्ज्ञाने त्यांना सगळ्यांसमोर विचारलं होतं, नाकपुड्या अशा का. शर्ट भिजलेला, बसले सुद्धा नाहीत, तुम्ही बसलाय तिथेच उभे होते. "भोकं कुणी बुजवली?" एवढंच म्हणाले. मी इतका काही मठ्ठ नाही. त्यांना उत्तर नको होतं, नाव हवं होतं. मंजुरीवर त्यांची सही, म्हणजे ते सुटायला हवेत. पुढच्या दालनातली सहा जनावरं मी करायची असं ठरत आलेलं, म्हणजे मीही सुटायला हवा. मग उरलं कोण? मी म्हटलं, बहिणीने. एक शब्द, बाई. त्यांनी लगेच मान डोलावली, जणू काही त्यांना आधीपासून वाटतच होतं. दुरुस्त करू या, मी म्हटलं, आठ दिवसांचं काम आहे. म्हणाले, नको, आता हात लावला तर बोभाटा होईल, फाईलमध्ये एक टिपण ठेवतो, कुणी विचारलंच तर असू दे. भेकड माणूस. अगदी भेकड माणूस होता, सांगतो तुम्हाला.

आणि तिचं काय, विचारताय? तिचं काही नाही. तिला तुमच्याकडे दुरुस्ती विभागात घेणार होते. कायमची नोकरी. याच डॉक्टरांनी, छत्री न्यायला आले तेव्हा, तडकलेली कवटी ती कशी सांधतेय ते बघून स्वतःहून सांगितलं होतं, की असा हात आमच्याकडे एकाचाही नाही. बावन्न वर्षांची होती, आयुष्यात पहिल्यांदा कुणी तिला बोलावलं होतं. रोज त्या तुमच्या पायऱ्या चढायच्या म्हणून नवीन चपला आणल्या, घरातल्या घरात घालून सवय करत होती. त्या टिपणानंतर कोण घेतंय? मी घरी सांगितलं, ताई, वशिल्याचा कुणीतरी लागला. तिने विश्वास ठेवला. वर मलाच म्हणाली, तू मनाला लावून घेऊ नकोस. तेव्हापासून माझे ब्रश धुते, माझे साचे पुसते, आणि संग्रहालयाचा विषय निघाला की त्या वशिल्याच्या माणसाला दोन शिव्या घालते. जो माणूस कधी जन्मालाच आला नाही. मीही घालतो तिच्याबरोबर. काय करणार.

हे तुम्ही लिहून घेताय? पेन ठेवा खाली. मी बोलत होतो आपला, चहा येईपर्यंत. तुमचा कागद आहे तसा बरोबर आहे, आणा इकडे, सही करतो आणि मोकळे व्हा.

तिची? तिची सही कशाला? तुमचा नियम असेल — जिच्यावर चूक टाकायची तिची संमती — नियम चांगला आहे, पण तो सव्वीस वर्षांपूर्वी कुठे गेला होता तुमचा? ती वाचल्याशिवाय सही करत नाही. औषधाच्या डबीतला तो बारीक अक्षरातला कागद सुद्धा शेवटपर्यंत वाचते. हे तिला वाचायला देणार तुम्ही? आणि पुढे उद्घाटनाला आम्ही दोघांनी यायचं, पहिल्या रांगेत बसायचं, आणि मग त्या पाटीपुढे —

बदलून आणता म्हणताय. भावाने बुजवली असं लिहा की, माझी हरकत नाही. लोकांचं काय घेऊन बसलात, लोक शेपटीशी फोटो काढतात आणि उपाहारगृह कुठे ते विचारतात. पण मग ती विचारेल, आधी काय होतं. आधीचं का खोडलं. मग नोकरीचं काय झालं होतं ते विचारेल. शहाणी आहे हो ती, माझ्यापेक्षा आणि तुमच्या डॉक्टरांपेक्षा. तिला एवढीशी कड सापडली तर ती अख्खं शोधून काढेल, आणि मग या घरात आम्ही दोघंच आहोत, बाई, तिसरं कुणी नाही, कुठे जाऊ मी?

कागद आत घाला. आली ती. पिशवीत घाला म्हणतो ना तुम्हाला —

काही नाही गं, ताई. या… या वर्तमानपत्रातून आल्या होत्या, जनावराबद्दल विचारत होत्या. हो, सांगितलं ना, खवले सगळे तू लावलेस म्हणून सांगितलं. नाही, चहा नको त्यांना, उशीर झालाय, निघाल्याच त्या. काय? — नाही. नाही गं. नाकाचं काही विचारलं नाही त्यांनी. तू कशाला उगाच माझी काळजी करतेस. मला कोण काय बोलणार आहे.

निघा, बाई. दार ओढून घ्या.